गाजर गवत दरवर्षी उपटलं जातं, तरी संपत का नाही? उत्तर दडलंय मोकळ्या जमिनीत

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर घ्या, नाहीतर महाराष्ट्रातलं दुसरं कोणतंही गाव. पावसाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की रस्त्याच्या कडेला, शाळेच्या कुंपणाला, उकिरड्याभोवती आणि पडीक रानात एक ओळखीचं रोप कमरेएवढं वाढलेलं असतं. पानं गाजराच्या पाल्यासारखी, वर बारीक पांढरी फुलं. कुणी त्याला गाजर गवत म्हणतं, कुणी काँग्रेस गवत, तर कुणी पांढरी फुली. नावात गवत असलं तरी हे गवत नाही. ते झेंडू आणि सूर्यफुलाच्या कुळातलं रोप आहे. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजर गवत जागरूकता सप्ताह पाळला जातो. जबलपूरची केंद्रीय तण संशोधन संस्था त्यासाठी पुढाकार घेते. शाळा-कॉलेजं आणि कृषी विज्ञान केंद्रं त्यात उतरतात, हातमोजे घालून गवत उपटल्याचे फोटो फेसबुक-व्हॉट्सॲपवर येतात. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच जागी पुन्हा तेच गवत आणि पुन्हा तेच फोटो.

मग चूक कुठे होते? उपटणं चुकीचं नाही. पण उपटल्यावर उघडी पडलेली माती तशीच सोडली, तर ती पुढच्या बियांसाठी तयार वाफा ठरते. तण किती आलं हे सगळे मोजतात, पण त्या जागी आधी काय उगवत होतं आणि ते का गेलं, हे फारसं कुणी विचारत नाही. खरी गोष्ट तिथून सुरू होते.

गाजर गवत आलं कुठून?

मूळ गाव मेक्सिको आणि आसपासचा उष्ण अमेरिकेचा पट्टा. भारतात त्याची ठळक नोंद झाली ती पुण्यात, १९५५ च्या सुमाराला. अमेरिकेच्या 'पीएल-४८०' योजनेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं, असं सगळीकडे सांगितलं जातं. सोशल मीडियावर तर ही गोष्ट जवळपास पाठ झालेली आहे.

पण तारखा जुळवून पाहिल्या तर थोडी अडचण येते. पीएल-४८० खाली भारताशी पहिला करार झाला तो ऑगस्ट १९५६ मध्ये, म्हणजे पुण्यातल्या नोंदीनंतर. अमेरिकेचं धान्य त्याआधीही, १९५१ च्या धान्यकर्जातून, भारतात आलं होतं. त्यामुळे आयात धान्याबरोबर बी आलं असण्याची शक्यता दाट आहे, पण सगळा दोष एकाच योजनेच्या माथी मारता येत नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. पुण्याच्या उकिरड्यावर आलेलं एक रोप काही दशकांत देशभर कसं पसरलं? रोप दणकट आहे, हे अर्धं उत्तर झालं. एका मोठ्या रोपाला १५ ते २५ हजार बिया येतात. बी हलकं असतं, वाऱ्यानं, पाण्यानं, गाडीच्या चाकाला लागलेल्या चिखलानं, शेणखतानं कुठेही जातं. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फूल येतं. ओल मिळाली तर वर्षातून अनेक पिढ्या निघतात. शिवाय त्याच्या मुळांतून आणि कुजलेल्या पाल्यातून जी रसायनं मातीत उतरतात, ती शेजारच्या रोपांची उगवण दाबतात.

उरलेलं अर्धं उत्तर जमिनीचं आहे. बी सगळीकडे पडतं, पण सगळीकडे सारखं उगवून येत नाही. बांधावर हरळी आणि मारवेलीची दाट गादी असेल तर तिथे गाजर गवत तुरळक दिसतं. त्याच बांधाशेजारी मुरूम उकरलेला खड्डा असेल तर तो गच्च भरलेला असतो. बी तेच, पाऊसही तोच. फरक आधीपासून तिथे राहणाऱ्यांचा.

स्थानिक वनस्पती पाहुण्याला अडवतात म्हणजे काय करतात?

एखाद्या माळावर पिढ्यानपिढ्या एकत्र वाढणाऱ्या गवतांचा, वेलींचा, झुडपांचा जो मेळ असतो, त्याला शास्त्रज्ञ 'वनस्पती समुदाय' म्हणतात. मराठवाड्याच्या माळावर पवना, मारवेल, डोंगरी, कुसळी, हरळी ही गवतं आणि त्यांच्यामध्ये उगवणाऱ्या शेंगवर्गीय वनस्पती मिळून असा समुदाय बनतो. हा समुदाय बाहेरून आलेल्या रोपाला चार प्रकारे अडवतो.

पहिला अडथळा उजेडाचा. गाजर गवताचं कोवळं रोप अगदी लहान असतं आणि त्याला सुरुवातीलाच भरपूर ऊन लागतं. दाट गवताच्या सावलीत ते खुरटतं.

दुसरा अडथळा पाण्याचा. वेगवेगळ्या गवतांची मुळं वेगवेगळ्या खोलीवर असतात. कुणी वरच्या चार बोटांतली ओल घेतं, कुणी खालची. सगळे थर वापरात असले की नव्या रोपाच्या वाट्याला फार थोडं उरतं. म्हणूनच एकाच जातीच्या गवतापेक्षा अनेक जातींची मिश्र कुरणं जास्त चिवट ठरतात.

तिसरा अडथळा वेळेचा. बहुवर्षायू गवताचा ठोंब उन्हाळ्यात सुकलेला दिसतो, पण मुळं जिवंत असतात. पहिला पाऊस पडला की चार दिवसांत त्याला पालवी फुटते. बियांपासून उगवणाऱ्या रोपाला तेवढी आघाडी मिळत नाही.

चौथा अडथळा शत्रूंचा. मातीतल्या बुरश्या, पानं खाणारे किडे, चरणारी जनावरं हे सगळे मिळून कुणालाच मोकाट वाढू देत नाहीत. गाजर गवताला इथे सूट मिळाली. त्याला खाणारे किडे मेक्सिकोत राहिले आणि इथली जनावरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. नाइलाजानं खाल्लंच तर दुधाला कडवट चव येते.

थोडक्यात, पहिले तीन अडथळे शाबूत असतील तर चौथ्याची उणीव काही प्रमाणात भरून निघते. तेही मोडले तर मग मैदान मोकळं.

शास्त्र काय सांगतं?

जिथे जाती जास्त तिथे परक्या जातीला शिरणं अवघड, हा विचार ब्रिटिश पर्यावरणशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी १९५८ च्या आपल्या पुस्तकात मांडला. पुढे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गवताळ जमिनीच्या छोट्या-छोट्या वाफ्यांवर प्रयोग झाले. काही वाफ्यांत थोड्या जाती, काहींत खूप. जास्त जातींच्या वाफ्यांत बाहेरची रोपं कमी टिकली आणि जी टिकली ती लहान राहिली.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या अभ्यासकांनी मोठ्या प्रदेशांची आकडेवारी मांडली, तेव्हा उलटं चित्र दिसलं. जिथे स्थानिक जाती जास्त, तिथेच परदेशी जातीही जास्त! कारण चांगली माती, चांगलं पाणी सगळ्यांनाच मानवतं. म्हणजे 'आमचं जंगल समृद्ध आहे, आम्हाला धोका नाही' असं कुणी समजू नये.

२००४ मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. त्यातून निघालेली गोष्ट कामाची आहे. स्थानिक समुदाय परक्या रोपाला बहुतेक वेळा पूर्णपणे बाहेर ठेवू शकत नाही, पण आत आलेल्याला माजू देत नाही. चार रोपं येतील, पण त्यांची चाळीस हजार होणार नाहीत. शेतकऱ्याच्या दृष्टीनं सगळा फरक याच आकड्यात आहे.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात गाजर गवतानं कुरणांचं मोठं नुकसान केलं आहे. तिथल्या सरकारी सल्ल्यातही कुरणावर गवताचं आच्छादन टिकवणं आणि प्रमाणाबाहेर चराई टाळणं या गोष्टींना पहिलं स्थान आहे. फवारणी आणि किडे नंतर येतात.

तरोट्याचा प्रयोग आणि त्यातला धडा

दख्खनच्या पठारावर हा लढा लोकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. १९८० च्या दशकात कर्नाटकात असं लक्षात आलं की, तरोट्याच्या एका जातभाईनं जागा धरली की गाजर गवत मागे हटतं. त्याचं नाव तेव्हा 'कॅसिया सेरिसिया' असं होतं, आज त्याला 'सेन्ना युनिफ्लोरा' म्हणतात. धारवाड-बंगळूरच्या कृषी शास्त्रज्ञांनी त्यावर काम केलं. बी पेरा, गाजर गवत हटवा, असा सोपा उपाय लोकांनाही पटला.

यात एक मेख आहे. ही जातसुद्धा मूळची उष्ण अमेरिकेचीच. गाजर गवत हटलं, पण जागा स्थानिक गवताला परत मिळाली नाही. एक पाहुणा गेला, दुसरा बसला. आज दख्खनमध्ये हीच वनस्पती अनेक ठिकाणी स्वतः तण बनून पसरली आहे.

आपल्या ओळखीचा टाकळा किंवा तरोटा, म्हणजे ज्याची पावसाळ्यात भाजी करतात तो, गाजर गवताशी स्पर्धा करतो हे खरं आहे. तण संशोधक पावसाळ्याआधी त्याचं बी टाकायचा सल्लाही देतात. रस्त्याकडेला, उकिरड्याजवळ हा उपाय चांगला आहे. पण विदर्भातल्या व्याघ्र प्रकल्पांत, गावं उठवल्यानंतर मोकळ्या झालेल्या शेतांवर हरणांसाठी कुरणं तयार करताना याच तरोट्याला उपटून टाकावं लागतं. तिथे तो गवताला दाबतो.

म्हणजे एका ठिकाणचा औषधी उपाय दुसऱ्या ठिकाणी रोग ठरू शकतो. एकच रोप आणून प्रश्न सुटत नाही, त्या जमिनीला शोभणारा पूर्ण मेळ उभा करावा लागतो.

मेक्सिकन भुंग्यांचं काय झालं?

चौथा अडथळा, म्हणजे शत्रू, बाहेरून आणण्याचा प्रयत्नही झाला. झायगोग्रामा बायकोलोराटा हा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये बंगळूर परिसरात सोडला गेला. तो गाजर गवताची पानं फस्त करतो. चांगल्या पावसात भुंग्यांची संख्या वाढली की हिरवी रोपं काडीसारखी उरतात. महाराष्ट्रातही तो पसरला आहे.

पण पाऊस थांबला, थंडी आली की भुंगे मातीत जाऊन निपचित पडतात. गाजर गवत मात्र ओल मिळेल तिथे हिवाळ्यातही उगवतं. शिवाय भुंग्यानं रिकामी केलेली जागा कोण घेणार, हा प्रश्न उरतोच. शेजारी गवताचे ठोंब असतील तर ते घेतील, नसतील तर पुन्हा गाजर गवत.

कायद्याचंही तसंच. सास्तूरपासून जवळच असलेल्या कर्नाटकानं १९७५ मध्येच गाजर गवताला कायद्यानं उपद्रवी तण ठरवलं. त्याला आता पन्नास वर्षं होऊन गेली. गवताला सरकारी अधिसूचना वाचता येत नाही!

मग माळ उघडा पडला कशामुळे?

मराठवाड्यात गेल्या काही दशकांत जमीन अनेक कारणांनी उकरली, हलवली गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याचा हा पट्टा उद्ध्वस्त केला. सास्तूर हे सर्वात मोठा फटका बसलेल्या गावांपैकी एक. या पट्ट्यातली ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. त्यानंतर रस्ते, वसाहती, तलाव, नाला खोलीकरण, महामार्ग अशी कामं होत राहिली. ती गरजेचीच होती. पण यातल्या प्रत्येक कामात मातीचा वरचा थर उलटा होतो आणि गवताचे ठोंब गाडले जातात. काम संपल्यावर कडेची माती पुन्हा झाकून देणं कोणत्याही अंदाजपत्रकात सहसा नसतं.

दुसरं कारण चराईचं. गावाची गायरानं आकसली, ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली तसा कडबा कमी झाला. उरलेल्या तुकड्यावर सगळ्यांच्या शेळ्या आणि गुरं. जनावर चवीचं गवत आधी खातं आणि गाजर गवत सोडून देतं. वर्षानुवर्षं असं झालं की निवड आपोआप परक्या रोपाच्या बाजूनं होते.

तिसरं कारण सरकारी नजरेचं. झुडपी रानं आणि उतरती कळा लागलेली चराऊ कुरणं केंद्र सरकारच्या नकाशात 'पडीक जमीन' म्हणून मोजली जातात. पडीक म्हटलं की काहीतरी लावायचं ठरतं. वेडी बाभूळ १८७७ मध्ये भारतात आणली गेली आणि पुढे ठिकठिकाणी पडीक जमीन हिरवी करायला मुद्दाम लावली गेली. शेळ्या-गुरांनी शेंगा खाल्ल्या, लेंड्या आणि शेणातून बी सगळीकडे गेलं. कच्छमधल्या बन्नीच्या प्रसिद्ध कुरणाचा मोठा भाग तिनं व्यापला. सोलापूरजवळच्या नान्नजला, माळढोकसाठी राखलेल्या माळावरही एकेकाळी गिरीपुष्पासारखी परदेशी झाडं लावली गेली. माळढोक हा तर उघड्या माळाचा पक्षी. झाड लावणं नेहमीच पुण्याचं काम असतं, असं नाही.

माणसांचा समुदाय कुठे बसतो?

गवताचा प्रतिकार एकट्या गवताच्या जोरावर टिकत नाही. त्यामागे माणसांचे नियम असतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं चराईबंदी केली, पण गवत कापून न्यायला मोकळीक ठेवली. ठोंब जमिनीत राहिला, जनावराला चाराही मिळाला आणि जमीन उघडी पडली नाही.

कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन टेकड्यांमधल्या सोलिगा आदिवासींचा अनुभव जंगलाचा आहे, पण धडा जुळणारा आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते पालापाचोळ्याला हलकी आग लावत. अभयारण्य झालं, आगीवर बंदी आली. त्यानंतर टणटणीनं, म्हणजे घाणेरीनं, जंगलाचा तळ भरून टाकला. आपली हलकी आग या झुडपाला आवरत होती, असं सोलिगा सांगत आले आणि संशोधकांनी त्यांचं म्हणणं गांभीर्यानं नोंदवलं. याचा अर्थ कुणीही उठून माळ पेटवावा असा नाही. सुक्या माळाला कुठेही, कधीही लावलेली आग गवताचाच जीव घेते. अर्थ एवढाच, की जमीन सांभाळणाऱ्यांचं ज्ञान बाजूला केलं की त्याची किंमत जमीन चुकवते.

जैवविविधतेवरच्या आंतरसरकारी मंचानं, 'आयपीबीईएस'नं, सप्टेंबर २०२३ मध्ये परक्या जातींवर मोठा अहवाल दिला. जगभरात ३,५०० हून अधिक परक्या जाती उपद्रवी ठरल्या आहेत आणि २०१९ मध्ये त्यांचा वार्षिक फटका ४२३ अब्ज डॉलरहून जास्त होता, असं त्यात म्हटलं आहे. आदिवासी आणि मूळनिवासी समाज सांभाळत असलेल्या जमिनींवर अशा जाती तुलनेनं कमी आढळतात, हेही त्यातच नोंदवलं आहे.

पण नियम कुणाच्या पोटावर येतो, हे पाहावं लागतं. गायरान बंद केलं तर पाच एकरवाल्याला फारसा फरक पडत नाही. दोन शेळ्यांवर घर चालवणाऱ्या भूमिहीन बाईला पडतो. मराठवाड्यात गायरान जमिनी कसून पोट भरणाऱ्या दलित आणि भूमिहीन कुटुंबांच्या हक्काचा लढाही जुना आहे. 'कुरण वाचवा' म्हणत त्यांना हुसकावलं तर तो न्याय होणार नाही. दुसरीकडे, शेतातलं गाजर गवत खुरपून काढतात त्या बहुतेक बायकाच. त्याच्या सततच्या स्पर्शानं अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात, फुलोऱ्याच्या काळात दम्याचा त्रास वाढतो. जमीन झाकलेली राहिली तर सगळ्यात आधी सुटका यांचीच होते. म्हणून चाऱ्याचा वाटा कुणाला आणि किती, हे ठरवताना त्या ग्रामसभेत बसलेल्या असायला हव्यात.

गावाला काय करता येईल?

पहिलं, वेळ साधा. फूल येण्याआधी, माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. ऑगस्टच्या मध्यापर्यंत अनेक रोपं फुलावर आलेली असतात, त्यामुळे पहिली फेरी जुलैतच हवी. फुलाआधीच्या रोपांचं कंपोस्ट करता येतं. बी धरलेली रोपं मात्र खड्ड्यात टाकू नका, नाहीतर खताबरोबर बी शेतात जाईल.

दुसरं, जागा रिकामी सोडू नका. बांधावर आणि गायरानात मारवेल, पवना यांचे ठोंब पावसाच्या सुरुवातीला लावता येतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं मारवेलीचे सुधारित वाण काढले आहेत. रस्त्याकडेला टाकळा, झेंडू चालतील.

तिसरं, नव्या कामाच्या वेळीच मागणी करा. रस्ता, नाला किंवा तलावाचं काम झालं की उघड्या मातीवर गवत लावणं हे त्याच कामाचा भाग असावं, असा ठराव ग्रामपंचायत करू शकते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. गावात कोणतं गवत कुठे उरलं आहे, याची नोंद ठेवायला तीच योग्य जागा.

चौथं, चांगल्या माळावर झाडं लावायचा उत्साह आवरा. जिथे पवना-कुसळी अजून शाबूत आहे, तिथे खड्डे खणणं म्हणजे परक्या रोपाला दार उघडून देणं.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय कुरणं आणि पशुपालक वर्ष जाहीर केलं आहे. त्या निमित्तानं भाषणं होतीलच. पण बियांचा साठा मातीत काही वर्षं टिकतो, त्यामुळे एका सप्ताहात किंवा एका वर्षात निकाल दिसणार नाही. तीन-चार पावसाळे सलग फुलाआधी उपटणं आणि सलग गवत लावणं, एवढं जमलं तर फरक दिसतो. गाजर गवत तेव्हाही गावात असेल, पण शोधावं लागेल.